लोकर चालत नसते

मी एक जुनी निवडुंगीण आहे. असा शब्द पुस्तकात नाही म्हणे. नसू दे. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आधी माझ्याएवढी लेकरं वाढवून दाखवावीत, मग बोलावं. माझ्या कुंडीत एक प्लास्टिकची पट्टी खोचलेली असायची आणि तिच्यावर माझं खरं नाव होतं. ते इतकं लांब आहे की वाचताना मंडळाचे अध्यक्षसुद्धा मध्येच श्वास घेतात. मला तर ते कधी वाचताच आलं नाही. एकदा शाळेत गेले होते, ती निसर्गाच्या तासाला टेबलावर बसायला. तेवढंच माझं शिक्षण.

मित्रांनो, सध्या मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर, वर्तमानपत्राच्या घडीवर आडवी पडून आहे. खाली मुळं नाहीत, अंगाला लेकरं नाहीत. ज्या बाईच्या गच्चीवर मी राणीसारखी बसत होते, तिच्याच हातांनी माझी ही अवस्था केली. तरी मी तिला नावं ठेवणार नाही. का, ते ऐका.

माझा जन्म एका घड्याळजींच्या खिडकीत झाला. माझ्या आईच्या कुशीला मी चिकटलेली होते, वाटाण्याएवढी. आमच्या जातीत असंच असतं. आईच्या अंगालाच पिल्लं फुटतात, आणि वेळ आली की अलगद सुटतात. घड्याळजी आजारी पडून दवाखान्यात गेले, तेव्हा आईची कुंडी सोबत नेली. वॉर्डातल्या खिडकीत कुंडी ठेवायची नाही असा नियम होता. पण तिथल्या नर्सबाईंनी नियमाकडे पाठ फिरवली आणि कुंडीवर येता-जाता नजर ठेवली. घरी जाताना घड्याळजींनी मला आईपासून सोडवलं, कापसाच्या पट्टीत गुंडाळलं आणि नर्सबाईंच्या हातावर ठेवलं. म्हणाले, "हिला पाणी देताना हात आखडता घ्या. बघताना मात्र घेऊ नका."

नर्सबाईंनी ते वाक्य गाठीला बांधलं. औषधाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून त्यांनी मला लावलं. रोज ड्यूटीवरून आल्या की चप्पल काढायच्या आधी मला बघायच्या. काटे बाजूला सारून बघायच्या, कुंडी उचलून खालून बघायच्या, वर्षातून एकदा मला मातीतून काढून मुळंसुद्धा बघायच्या. पोटच्या मुलाची वही त्यांनी इतक्यांदा तपासली नसेल. मी वाढले. माझ्या अंगावर पांढरी लोकर आली, मऊ आणि दाट. माझ्याभोवती पिल्लं आली, पिल्लांना पिल्लं आली. डब्यातून कुंडीत, कुंडीतून परातीएवढ्या पसरट भांड्यात गेले. आमचा गोतावळा एवढा वाढला की खालची माती दिसेना.

मग नर्सबाई निवडुंगवाल्यांच्या मंडळात गेल्या. ही मंडळी म्हणजे एक गंमतच आहे. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या दालनात जमतात आणि काट्यांवर तासन्‌तास बोलतात. अध्यक्ष जमिनीची मोजणी करणारे होते, म्हणून त्यांना सगळे मोजपट्टी म्हणतात. ते प्रत्येक रोपाला पट्टी लावून बघतात, अगदी मागच्या महिन्यात मोजलेल्यालासुद्धा. दुसरे दाताचे डॉक्टर. ते दात कोरायच्या हत्याराने मुळांतली माती कोरतात. खडी किती आणि वाळू किती, यावरून या दोघांचं बोलणं अनेकदा बंद पडलेलं मी पाहिलं आहे.

तिथे नर्सबाईंनी एक नियम घालून दिला. नवं रोप घरी आलं की ते महिनाभर वेगळं ठेवायचं, जुन्या रोपांच्या पंगतीला बसवायचं नाही. नव्या पेशंटला ताप कसला आहे ते कळेपर्यंत लांब ठेवतात, तसंच. आणि मंडळाची एक रीत फार जुनी होती. वार्षिक प्रदर्शनात जे रोप पहिलं येईल, त्याच्या मालकाने सगळ्यांसमोर त्याची पिल्लं सोडवून त्या वर्षीच्या नव्या सभासदांना द्यायची. मी कितीतरी वेळा पहिली आले. माझी लेकरं गावभर नांदायला गेली. गर्व करू नये म्हणतात. मी केला, आणि तो मला शोभून दिसला.

पण कौतुक फार झालं की माणसं लांबून बघायला लागतात. माझे फोटो निघू लागले. नर्सबाई निवृत्त झाल्या, सून घरात आली. सून शाळेची व्हॅन चालवते. हाताने दणकट, जरा धांदरट, पण कामाला वाघ. मुलगा पाळीवर कामाला जातो आणि या दोघींच्या मध्ये न पडण्याइतकी त्याला अक्कल आहे. एव्हाना नर्सबाईंच्या डोळ्यांवर पडदा आला होता. ते त्या कोणाला सांगत नव्हत्या. "या घरात दिवेच मिणमिणते लावले आहेत," असं म्हणायच्या.

अशात मंडळातल्या दाताच्या डॉक्टरांनी त्यांना एक दुर्मीळ रोप भेट दिलं. लांबून मागवलेलं, कौतुकाचं. दुसऱ्या कोणाचं असतं तर महिनाभर जिन्यात राहिलं असतं. पण हे डॉक्टरांचं, मानाचं. नर्सबाईंनी ते थेट माझ्या शेजारी मांडलं. स्वतःचा नियम स्वतःच मोडला. मी ओरडले असते, पण आम्हाला तोंड नाही, फक्त काटे आहेत.

त्या पाहुण्याच्या मुळांत पिठ्या ढेकूण होते. हे किडे इवलेसे, पीठ माखल्यासारखे पांढरे. रोपाचा रस पितात, आणि चिरडले तर गुलाबी ओल उमटते. आधी मला मुळाशी गुदगुल्या झाल्या, मग आग. मग ते वर चढले आणि माझ्या पांढऱ्या लोकरीत पांढरे होऊन बसले. बघणाऱ्याला काय दिसणार? जो येई तो म्हणे, "यंदा काय पांढरीशुभ्र झाली आहे हो!" मी आतून रिकामी होत होते आणि लोक मला टवटवीत म्हणत होते. नर्सबाई खूश. मधल्या काळात त्यांनी हौसेने दोघी-तिघींना माझी पिल्लंही देऊन टाकली.

एकच खूण होती. हे किडे गोड चिकट थेंब सोडतात, आणि त्या थेंबांसाठी मुंग्या येतात. गच्चीवर मुंग्यांची रांग लागली.

"चहा घेऊन गच्चीवर येतेस आणि साखर सांडतेस," नर्सबाई सुनेवर खेकसल्या.

"आई, मी बिनसाखरेचा पिते. वजन वाढलंय म्हणून तुम्हीच बंद केलीत ना?"

"मग बिस्किटं खात असशील. मुंग्या काय मला भेटायला येतात?"

"तुम्हाला भेटायला यायची त्यांची हिंमत नाही," सून पुटपुटली आणि फडकं मारून रांग पुसून गेली. दुसऱ्या दिवशी रांग परत हजर. भांडणही परत हजर. असे किती दिवस गेले कोणास ठाऊक. कोणीही त्या रांगेचं दुसरं टोक बघितलं नाही.

प्रदर्शनाचा दिवस आला. सुनेने मला व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि दालनात आणलं. टेबलांवर पांढऱ्या चादरी होत्या. मोजपट्टींनी मला मोजलं आणि स्वतःच टाळी वाजवली. डॉक्टर परीक्षक होते. ते वाकले, चष्मा वर केला, म्हणाले, "काय लोकर आहे! अशी लोकर मी उभ्या जन्मात पाहिली नाही." खरंच बोलत होते ते.

मी पहिली आले. नवे सभासद रिकाम्या कुंड्या हातात घेऊन रांगेत उभे राहिले. सगळ्यांत पुढे बेकरीवाली होती, नवी कोरी कुंडी पोटाशी धरून. नर्सबाईंनी चिमटा उचलला. मित्रांनो, मला माहीत होतं की माझं एकेक लेकरू आता एकेका घरात रोग घेऊन जाणार आहे. आणि त्या प्रत्येक घरातल्या गच्च्या, खिडक्या, वर्षानुवर्षं वाढवलेली रोपं, सगळं त्या चिमट्याच्या टोकावर होतं.

सून माझ्या मागे उभी होती. तिची नजर चादरीवर गेली. पांढऱ्या चादरीवर एक काळी, बारीक रेघ हलत होती. ती माझ्या भांड्यापासून निघाली होती. सून सासूच्या कानाशी वाकली.

"आई, इथे तर मी साखर सांडली नाही ना?"

चिमटा थांबला. नर्सबाईंना वाटलं असतं तर म्हणता आलं असतं, गप्प बस, घरी बघू. टाळ्या वाजून गेल्या होत्या, बक्षिसाचा पेला टेबलावर होता. त्यांनी चिमटा खाली ठेवला, माझ्या लोकरीत बोट घातलं आणि जोरात चोळलं. मला लागलं. मग ते बोट त्यांनी सुनेसमोर धरलं.

"कसला रंग आहे गं?"

"तुम्हीच बघा ना, आई."

"मला दिसत नाही." दालनात सगळ्यांनी ऐकलं. "कधीपासूनच दिसत नाही. तू सांग."

"गुलाबी ओल आहे. आणि... आई, ते पांढरं हलतंय."

डॉक्टर पुढे आले. "अहो मावशी, लोकरच आहे ती. मी आत्ता बघितली ना."

"लोकर चालत नसते, डॉक्टर," नर्सबाई म्हणाल्या. मग रांगेकडे वळल्या. "कुंड्या मागे घ्या. एकही पिल्लू मिळणार नाही."

"मग आम्ही रिकाम्या कुंड्या घरी न्यायच्या?" बेकरीवालीचा चेहरा पडला होता.

"हो. भरलेली नेलीस तर घरातल्या बाकीच्या सगळ्या रिकाम्या होतील."

सुनेने मला भांड्यातून उपडं करून काढलं. मुळांवर पीठ शिंपडल्यासारखं झालं होतं. मोजपट्टींनी आणि बाकीच्यांनी आपली रोपं माझ्यापासून भराभर लांब सरकवली. हीच माणसं मघाशी माझ्याबरोबर फोटो काढत होती. डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं, कारण ते हळूच म्हणाले, "मी दिलेल्या रोपातून तर नाही ना?"

"रोप तुमचं," नर्सबाई म्हणाल्या, "पण शेजारी मांडलं मी."

घरी आल्यावर त्यांनी मला कापलं. सून हात धरून दाखवत होती आणि त्या कापत होत्या. माझी लेकरं, नातवंडं, एकेक करून पिशवीत गेली. पिशवीचं तोंड घट्ट बांधलं गेलं. मी मोजली नाहीत. कोणत्या आईने मोजावीत? मधलं एकच डोकं जरा निरोगी निघालं. सुनेने ते स्पिरिट लावलेल्या ब्रशने घासून काढलं. तीच मी. एवढ्या मोठ्या गोतावळ्यातली तू नेमकी कोण, असं विचारू नका. जिथे तक्रार करायला कोणी उरलं आहे, तिथे मी आहे.

आता माझी जखम वाळते आहे. खालून पांढरं मूळ फुटलं तर मी जगेन. जखम काळी पडली तर नाही. अजून दोन्हीपैकी काहीच झालेलं नाही.

नर्सबाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सुनेने घेतली, खरं तर. आणि माझी पिल्लं ज्यांना दिली होती, त्यांना त्या एकेक करून फोन करतात. काल एका बाईने उचलला. इतकी खूश झाली की नर्सबाईंना बोलूच देईना. तिचा आवाज इथपर्यंत आला. "अहो, किती छान पांढरी झाली आहे तुमची लेक!"

नर्सबाईंनी फोन ठेवला आणि चपला शोधू लागल्या. सुनेने न विचारता व्हॅनची किल्ली घेतली.

निघण्याआधी दोघी फ्रिजपाशी आल्या. रोज येतात. सुनेने मला उचलून उलटं धरलं.

"काय दिसतंय गं?"

"अजून काही नाही, आई."

"मुंग्या?"

"नाहीत."

"नीट बघ."

"बघतेय."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी माझ्यासारखी असेल, आणि सगळे तिला छान दिसतेस म्हणत असतील, तर एकदा जवळ या. उचला. खालून बघा. मला पाणी नको, टाळ्या तर मुळीच नकोत. बघताना तेवढा हात आखडता घेऊ नका.