नानासाहेबांचा दिनक्रम

भावाला विष घालून त्याच्याच तेराव्याला पंगतीत आग्रहानं बुंदी वाढणारा माणूस दिसतो कसा, असं कुणी विचारलं असतं, तर सगीरानं सांगितलं असतं, फार गोड दिसतो.

सगीरा व्यवसायोपचार तज्ज्ञ. डॉक्टरांनी व्यक्तिमत्त्व विकाराचे म्हणून वेगळे काढलेले कैदी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करतात ते आठ दिवस त्यांच्या वहीत लिहून घ्यायचं आणि त्याला गुण द्यायचे, हे तिचं काम. यंदा त्या बराकीतून एकालाच खुल्या तुरुंगात धाडायचं होतं. तिथं भिंती नाहीत, शेतीचं काम, बायकोला भेटायला येता येतं. तिच्या कागदावर त्या बुंदी वाढणाऱ्या नानासाहेबांचं नाव लिहूनही झालं होतं. सही तेवढी राहिली होती.

का नसावं नाव? त्यांची रोजची वही बघावी, मोत्यासारखं अक्षर. पाचला उठलो, बराक झाडली, मागावर सतरंजी विणली, बाग शिंपली. शेजारचा कडूबा साठीचा, अक्षरशत्रू, सहसा तोंड न उघडणारा. त्याचीही वही परोपकारी नानासाहेबच लिहीत. 'बसलो. झोपलो. बसलो.' आठही दिवस तेच.

सहीच्या दिवशी सगीरा नानासाहेबांनी दिलेला चहा घेत मागापाशी गेली. कडूबा मागं उकिडवा बसलेला. सतरंजीचा एक धागा तुटलेला दिसला. तिचे अब्बा हिमरू विणायचे. तुटला धागा विणकर बोलता बोलता जोडतो, हे ती लहानपणापासून बघत आलेली.

"नानासाहेब, एवढा जोडा बरं."

त्यांनी धागा चिमटीत धरला, फिरवला, हसले, पुन्हा फिरवला. गाठ काही बसेना. तेवढ्यात मागून दोन चिरलेली बोटं आली आणि गाठ मारून परत गेली. कडूबाला आपण काय केलं हे कळलंही नाही.

सगीरानं त्या बोटांकडे पाहिलं, मग नानासाहेबांच्या मऊ हातांकडे. आयत्या बिळावर नागोबा!

"झाडतं कोण? बाग कोण शिंपतं?"

"त्योच की." नानासाहेबांना लाज म्हणून नाही. "त्यानं केलं काय अन् म्या केलं काय, काम झाल्याशी मतलब. दोन दिस त्याची भाकर ठिवून घेतली, तवापासून सांगावंबी लागत नाय. तुमीबी आठ दिस त्याच्याच हातचा चहा पिताय की, मॅडम. कधी इचारलं का?"

सगीराला शिसारी आली. त्या माणसाची आलीच, पण रोज 'छान झालाय हो' म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेची जास्त आली. तिनं कप खाली ठेवला, कागद टराटरा फाडला आणि शिपायाला बोलावून नानासाहेबांना बाहेर काढायला लावलं. चोर तो चोर, वर शिरजोर. जाताना हसतच होते.

मग ती कोरा कागद घेऊन कडूबासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, तो गेला. आता तुमचं नाव धाडायचंय. तुमच्या बायकोला, सारजाबाईंना तिथं भेटायला येता येईल. खरं सांगा, दिवसभर काय काय करता?"

कडूबानं दाराकडे पाहिलं.

"बसतो, मॅडम," तो म्हणाला, आणि तिचा उष्टा कप उचलून विसळायला गेला.