रांजणमाळाच्या लढाईचे नाव

रविवार, १९ मे २०२४. सोलापूर. ऊन एक्केचाळीस अंश. वारा अजिबात नाही. दुपारी चार वाजताही भिंतीला हात लावता येत नव्हता.

मी टेलिफोनची डायरी बोलतेय. त्या दिवशी जे झाले, त्यात चूक स्वतःची होती असे माझे मालक म्हणतात. पण ती चूक माझ्या पानावर झाली. म्हणून सांगताना मलाही मान वर करवत नाही.

एकवीस वर्षांपूर्वी एका विमा एजंटाने नव्या वर्षाची भेट म्हणून मला अवधूतरावांच्या हातात दिले. ते एका शाळेत क्लार्क. शाळेत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. माझ्या उजव्या कडेला अक्षरांच्या पायऱ्या आहेत. पहिली काही वर्षे त्यांच्या पत्नी, प्रेमलाताई, माझ्यात गॅसवाला, दूधवाला, माहेर असे नंबर लिहीत. मग मोबाइल आले. मी फ्रिजवर गेले. कितीतरी वर्षे माझ्या अंगावर लग्नपत्रिका आणि तापाच्या गोळ्या पडून होत्या.

मला खाली काढले ते कादंबरीने. अवधूतराव एका कल्पित राज्याची गोष्ट लिहू लागले होते. तिच्यात जादू होती, राजे होते, लढाया होत्या. नावे फार लागत. त्यांनी पट्टीने माझ्या कोऱ्या पानांवर तीन रकाने आखले: नाव, तारीख, कोणाकडून. मला वाटले, आपला दुसरा जन्म झाला. माणूस इतका नेटका की बसच्या पाटीवरून घेतलेल्या गावाच्या नावापुढेही 'बसची पाटी' असे लिहायचा.

११ जानेवारी २०१९ रोजी ते मला पिशवीत घालून बुद्धप्रिया मॅडमच्या घरी जेवायला गेले. मॅडम त्याच शाळेत ग्रंथपाल. त्यांच्या आई नागूबाई. त्यांचे शेत उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेले. तिकडे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव असते. भाकरी वाढता वाढता नागूबाई ती नावे सांगत होत्या. 'र'च्या पानावर अवधूतरावांनी 'रांजणमाळ' लिहिले, तारीख घातली. तेवढ्यात शाळेतून फोन आला. तिसरा रकाना कोरा राहिला.

तीन वर्षांनी त्यांना एका लढाईसाठी नाव हवे होते. त्यांनी 'र' उघडला. पुढे कोणाचेच नाव नसलेला शब्द मी त्यांच्यापुढे केला. त्यांना वाटले, हे आपल्यालाच सुचलेले असणार.

त्या रविवारी ते छपाईपूर्वीचे शेवटचे प्रूफ घेऊन मॅडमच्या घरी गेले. अकरा वर्षांचे काम मंगळवारी बार्शीच्या छापखान्यात छापायला जाणार होते. लढाईचे प्रकरण त्यांनी मोठ्याने वाचले. राजा भद्रकेतू तहानलेल्या शत्रूसाठी वाटेवर पाण्याचे रांजण ठेवतो, त्यात विष कालवतो, आणि चारशे माणसे पाणी पिऊन मरतात. तीच रांजणमाळाची लढाई.

नागूबाईंचा पदराने वारा घेणारा हात थांबला.

"भाऊसाहेब, हे नाव तुमास्नी कुटं घावलं?"

"सुचलं, मावशी."

"सर, ते आमचं शेत आहे," मॅडम म्हणाल्या.

अवधूतरावांनी मला उघडले. तिघांनीही तो कोरा रकाना पाहिला. मला वाटले, पंख्याच्या वाऱ्याने तरी माझे पान उलटावे. वीज गेलेली होती.

"गावच्या हिरीवर आमाला पानी भरू देत न्हवते," नागूबाई म्हणाल्या. "म्हून माज्या सासऱ्यानं वाटंच्या कडंला, आपल्या बांधावर रांजण ठिवला. म्हनायचा, ज्याला तान लागंल त्यानं प्यावं. ऊन लई झालं की गावची मोठी मंडळीबी यायची. इकडंतिकडं बघायची, अन् गटागटा प्यायची." त्या हसल्या. मग हसू गेले. "त्या पान्यानं कुनी मेलं न्हाय. अन् तुमी त्यात इख घातलं व्हय?"

"चुकलं, मावशी. आजच बदलतो. मोरमाळ करतो. नाहीतर कुंभमाळ."

"कुंभमाळ म्हणजे रांजणाला सोवळं नेसवल्यासारखं झालं, सर," मॅडम म्हणाल्या.

"अन् मोरमाळबी कुनाचं तरी शेत आसंलच की," नागूबाई म्हणाल्या. "जागंचा काय गुना? ज्यानं इख घातलं त्याचंच नाव द्या."

अवधूतराव हळूच म्हणाले, "तो माझा नायक आहे. चांगला राजा आहे, मावशी. हे एवढं एकच..."

"व्हय. म्हून तुमी आमच्या शेताला म्होरं केलं."

अकरा वर्षे मी त्या राजाचे नाव 'भ'च्या पानावर लाल शाईत जपले होते. त्याच्या पापाला दुसऱ्याची जमीन पांघरली आहे, हे ना त्यांना कळले होते, ना मला.

त्यांनी पेन काढले आणि कोऱ्या रकान्यात 'नागूबाई' लिहायला घेतले.

"माजं नगं. सासऱ्याचं लिवा. सयाजी."

त्यांनी सयाजी लिहिले. अक्षर वाकडे आले.

आता मी त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात असते. माझी आठ कोरी पाने उरली आहेत. वाचणाऱ्यांनो, कोणी जेवता जेवता तुम्हाला एखादा शब्द दिला, तर फोन वाजू द्या. आधी देणाऱ्याचे नाव लिहा. कागद स्वतःहून काही विचारू शकत नाही.

सोमवारी, २० मे रोजी, अवधूतराव सकाळच्या एसटीने बार्शीला गेले. मजकुरात एकतीस ठिकाणी 'रांजणमाळाची लढाई' होते, तिथे 'भद्रकेतूची लढाई' झाले. नकाशाचे पान वेगळे होते, ते आधीच छापून झाले होते. त्यावर रांजणमाळ आणि शेजारी लढाईची खूण म्हणून दोन आडव्या तलवारी होत्या. जूनमध्ये पाचशे प्रती निघाल्या. चारशे बारा प्रतींमध्ये अवधूतरावांनी नाव तसेच ठेवून तलवारींवर हाताने कागदाची पट्टी चिकटवली. अठ्ठ्याऐंशी प्रती त्याआधीच वाचनालयांकडे रवाना झाल्या होत्या.