शांतवनची काळीपिवळी

मित्रांनो, मी एक जुनी काळीपिवळी जीप आहे. माझी पुढची काच नवी आहे, पण डावा दरवाजा अजून वाकलेलाच आहे आणि मागच्या बाकाचं रेक्झिन जळून गोळा झालेलं आहे. लहान मुलं त्यावर बोट फिरवतात आणि विचारतात, "हे कशानं झालं?" मोठी माणसं दुसरीकडं बघतात. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म नाशिककडच्या एका कारखान्यात झाला. सुरुवातीची वर्षं मी एका ठेकेदाराकडं उसाच्या फडावर मुकादमांना नेण्या-आणण्यात घालवली. नंतर मला शांतवन साळवे यांनी घेतलं आणि मी कन्नड ते देवगाव रंगारी या रस्त्यावर वडाप करू लागले. दहा माणसांची जागा, पण बाजाराच्या दिवशी वीस बसायची, वर कोंबड्या वेगळ्या. कॉलेजची पोरं, दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणी, लग्नाचे आहेर, मी सगळं वाहिलं. रविवारी मात्र धंदा बंद. त्या दिवशी शांतवन आणि त्यांच्या पत्नी निशाताई मला धुऊन-पुसून शहरात छावणीतल्या चर्चला नेत. नाताळात माझ्या टपावर कागदाची मोठी चांदणी डुलत असे.

शांतवन हा भित्रा माणूस होता. हे मी प्रेमानं सांगते. स्टँडवर विश्वजीत नावाचा एक दांडगट होता. कुणाची गाडी आधी भरायची हे तो ठरवायचा. एकदा शांतवनचा नंबर असताना त्यानं दुसऱ्याची गाडी पुढं लावली. शांतवननं नुसतं विचारलं, "दादा, नंबर माझा हाय ना?" त्यावर त्यानं सगळ्यांसमोर शांतवनच्या कानशिलात अशी वाजवली, की त्यांची टोपी माझ्या बॉनेटवर येऊन पडली. शांतवननं टोपी उचलली आणि खाली मान घालून आत येऊन बसले. घरी निशाताई खूप रागावल्या.

"तुमी काहीच बोलला नाय?"

"काय बोलू? माझे पाय लटलट कापतेत, निशा. देवानं मला असंच घडवलंय."

रोज सकाळी चावी लावण्याआधी ते माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून पुटपुटत, "प्रभू, तू संगं राहा." मला वाटायचं, ही अपघात होऊ नये म्हणून केलेली प्रार्थना असेल. ती आणखी कशासाठी लागणार आहे हे तेव्हा ना मला ठाऊक होतं, ना त्यांना.

मग तो उन्हाळा आला. लोकांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरू लागला. मुलं पळवणारी टोळी आली आहे, बाया भिकारणीच्या वेषात हिंडतात, असं त्यात होतं. माझ्यात बसणारा प्रत्येकजण तो दुसऱ्याला दाखवायचा. कुणाचं मूल हरवलं, असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नव्हतं. पण भीती मात्र खरी होती. बाया लेकरांना घट्ट धरून बसत.

त्या दिवशी वाटेवरच्या एका गावी बाजार होता. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण ते गाव वाईट नव्हतं. दुपारची वेळ होती. मी वडाखाली उभी होते, निम्मी भरले होते. एवढ्यात बाजारातून आरडाओरडा ऐकू आला. भांड्यांचं दुकान कोसळल्याचा आवाज झाला आणि गर्दी फोडून एक म्हातारा धावत आला. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं. त्याच्यामागं एक काळीसावळी बाई होती. तिच्या कडेवर दोन वर्षांची गोरी मुलगी, अंगात नवाकोरा झालरीचा फ्रॉक. म्हातारा धोंडिबा गावोगाव जडीबुटी विकायचा, ती त्याची सून सरू, आणि मुलगी तिचीच. पण कुणीतरी म्हणालं होतं, "बाई काळी आन् लेकरू गोरं? चोरलेलं हाय!" तेवढं एक वाक्य पुरलं होतं.

"दादा, आत घ्या हो! मारतेत आमाला!" सरू माझ्या मागच्या फाळक्याला लोंबकळत ओरडली.

माझ्यातले प्रवासी धडाधड उतरून पळाले. कडुबा नावाचा रोजचा एक प्रवासी पळता पळता म्हणाला, "शांतवनभाऊ, गाडी काढ! त्यांच्यात पडू नको, मरशील!"

शांतवनचा हात चावीवर होता आणि गुडघा माझ्या गिअरवर थडथड आपटत होता. एक क्षण मला खरंच वाटलं, ते निघून जाणार. मग त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. "प्रभू, मला लई भ्या वाटतंय. तू संगं राहा." त्यांनी उतरून फाळका उघडला, सरूला आणि लेकराला आत ढकललं. धोंडिबाचा हात धरला, पण तोवर गर्दी पोचली होती. कुणीतरी म्हाताऱ्याला सदऱ्याला धरून मागं ओढलं आणि तो धुळीत पडला.

पहिली वीट माझ्या काचेवर आली. मग काठ्या, तराजूच्या दांड्या, दगड. माझा आरसा तुटला, दिवे फुटले. माझ्या पत्र्यावर घाव पडत होते आणि आत सरू लेकराला पोटाखाली घेऊन बाकाखाली शिरली होती. चार जण डावा दरवाजा उचकटत होते. तो वाकला, पण मी कडी सोडली नाही. मित्रांनो, लोखंडाला धीर कुठून येतो, मला माहीत नाही. त्या दिवशी तो होता.

आणि बाहेर माझा भित्रा मालक धोंडिबावर पालथा पडला होता. त्यानं आपल्या देहानं म्हाताऱ्याचं डोकं झाकलं होतं. पाठीवर काठ्या पडत होत्या.

"बाजूला हो रे! तू बी टोळीतलाच का?"

शांतवन ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. "माझ्या प्रभूलाबी असंच मारलं! काय केलं त्यानं, कुणी इचारलं नाय! गर्दी वरडली अन् त्याला मारलं! मला मारा, पर ह्याला इचारा तरी एकदा!"

कुणी विचारलं नाही. एका तरण्या पोरानं कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि शांतवनच्या उजव्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. तो पोरगा गोकुळ होता. दोन वर्षं तो माझ्या पुढच्या सीटवर बसून कॉलेजला गेला होता. शांतवननं त्याच्याकडं पाहिलं. "गोकुळ, तू व्हय रे?" एवढंच म्हणाले. गोकुळनं दांडा पुन्हा उचलला आणि यावेळी तो म्हाताऱ्याच्या डोक्यात बसला.

मग एक गोष्ट घडली. मेथीच्या जुड्या विकणाऱ्या मनकर्णाबाई गर्दीतून रेटत आल्या आणि माझ्या फाळक्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. "हा येशूवाला मानूस मरायला तयार झाला, अन् आपन त्याला मारून मर्द व्हनार का? आधी मला हाना!" त्यांच्या मागून भांडीवाली आली, मग बांगड्या भरणारी. मारणाऱ्यांचे हात एकेक करत खाली आले. पोलिसांची गाडी आली तेव्हा सगळे पांगले होते. मातीत रक्त होतं आणि माझ्या आत लेकरू रडत होतं. जिवंत होतं.

धोंडिबा वाचला नाही. शहराच्या सरकारी दवाखान्यात त्यानं सरूचा हात धरून प्राण सोडला. शांतवनचा कोपर कायमचा आखडला.

मला पोलिसांनी ठाण्याच्या आवारात नेऊन उभं केलं. पावसाळा तिथंच गेला. चाकं मातीत रुतली, सीटखाली उंदरांनी घर केलं. माझी कुणी विचारपूस करत नव्हतं. पुढं कोर्टाच्या हुकमानं मी घरी आले. घरीही शांतता नव्हती. शांतवन हे मुख्य साक्षीदार होते. आधी फोन आले, मग छपरावर दगड आले. एका संध्याकाळी कुणीतरी माझ्या मागच्या बाकावर पेटतं फडकं टाकलं. धुराचा लोट उठला. शेजाऱ्यांनी माती आणि पाणी ओतून मला वाचवलं.

निशाताई रडत माझ्या टपाला टेकल्या. "अहो, आता तरी गप बसा. जीव तर ऱ्हाईल!"

शांतवननी डाव्या हातानं बाकावरची ओली माती झटकली. मग म्हणाले, "निशा, भ्या अजून गेलं नाय माझं. त्या दिशीबी गेलं नव्हतं. पर मला वाटलं, कुनीतरी शेजारी हुबं हाय. एकट्याला मार बसतोय असं वाटलंच नाय. आता मी मागं फिरलो, तर त्यो तिथंच हुबा ऱ्हाईल आन् मी पळालेला असंन."

निशाताईंनी डोळे पुसले. दोघं माझ्या वाकलेल्या दरवाजापाशी उभे राहून प्रार्थना करू लागले. या वेळी मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी.

साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळी गोकुळ आला. जामिनावर सुटला होता. सोबत त्याचे वडील रामकिसन होते. गोकुळचे गाल बसले होते. रामकिसन शांतवनच्या पायाशी वाकले.

"साळवेभाऊ, तुमचा देव माफ करायला सांगतो म्हनतेत. माझ्या पोराला पदरात घ्या. उद्या म्हना, गर्दीत तोंड दिसलं नाय."

शांतवननी त्यांना डाव्या हातानं उठवलं. गोकुळकडं वळले. "गोकुळ, माझा हात मोडलास त्याची माफी मी तुला कवाच दिली. ती माझी होती, मी दिली. पर साक्ष माझी नाय रे. ती त्या मेलेल्या म्हाताऱ्याची हाय. ती मला कुनाला देता येत नाय."

गोकुळ माझ्या बॉनेटवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागला. कुणी त्याला उठवलं नाही. शांतवन फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात शांतवननी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी निशाताईंना सांगितलं, की उलटतपासणीत वकिलानं घाम फोडला, गुडघे कापत होते, पण जीभ कापली नाही. गोकुळला आणि आणखी काही जणांना शिक्षा झाली. सरू लेकराला घेऊन माहेरी गेली.

आता मला निशाताई चालवतात. सुरुवातीला त्या गावचे लोक माझ्यात बसायला लाजत. पहिल्यांदा मनकर्णाबाई चढल्या, टोपलं मांडीवर घेऊन, आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "बसा रे, जीप चावत नाय." भेटीच्या दिवशी आम्ही हर्सूलच्या तुरुंगापाशी जातो. शांतवन उतरतात, गोकुळला भेटतात आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परत येतात. काय बोलतात ते मला सांगत नाहीत.

मित्रांनो, माझे पोचे बुजवू नका, असं मी मेस्त्रीला सांगू शकले असते तर सांगितलं असतं. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही हातात फोन येईल आणि कधीतरी तुमच्या आजूबाजूलाही गर्दी ओरडू लागेल. तेव्हा गुडघे कापले तरी चालेल. धाडसी माणसांचेही कापतात, मी जवळून पाहिलं आहे. फक्त धुळीत पडलेल्या माणसाला आधी विचारा, "बाबा, तुझं नाव काय?"