उशिरा पोचणारा आवाज

मी हेडफोन बोलतोय, तोही वायरवाला. आजवर दुसऱ्यांचं बोलणं कानापर्यंत पोचवलं. आज स्वतःचं सांगतो, कारण मध्यंतरी माझ्याबद्दल घरात बरंच बोललं गेलं. जुनाट आहे, गुंता करतो, पायात येतो. यातलं पायात येणं तेवढं खरं आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईनं माझ्या केसाएवढ्या तारा चिमट्यात धरून डागल्या, दुसरीनं कानांच्या गाद्या बसवल्या आणि शेवटी एका माणसानं मला डोक्यावर घालून एक लांब सूर ऐकला. त्यानं नुसती मान हलवली. म्हणजे पास. तेव्हापासून माझ्या आवाजाबद्दल मला कधी शंका आलेली नाही.

मला एका ग्रंथालयानं घेतलं. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा विभाग तिथे नव्यानं सुरू झाला होता. तो सांभाळणाऱ्या ध्वनिमुद्रकांना सगळे कानसेन म्हणत. शेजारच्या खोलीतला पंखा जरी कुरकुरला तरी ते मुद्रण थांबवायचे.

माझी मालकीण त्याच इमारतीच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवायची. हे काम तिनं मुद्दाम निवडलं होतं. लहानपणी ती घरात धडाधड बोलायची, पण वर्गात उभं राहून धडा वाचायची वेळ आली की पहिल्याच अक्षरावर अडायची. पोरं हसायची. मोठेपणी अडखळणं गेलं, धास्ती मात्र मुक्कामाला राहिली. म्हणून जिथे तोंड उघडावं लागणार नाही अशी नोकरी तिनं शोधली, आणि सुई-दोऱ्यात वीस वर्षं काढली.

एक दिवस वाचणारे गृहस्थ आलेच नाहीत. कानसेनांना माइक तपासायला कुणाचा तरी आवाज हवा होता आणि ती नेमकी दुरुस्त पुस्तकांचा गठ्ठा घेऊन वर आली होती.

"ताई, दोन ओळी वाचा. कुणी ऐकत नाहीये, मी फक्त आवाजाच्या पातळीचा काटा बघतोय," असं म्हणून त्यांनी मला तिच्या डोक्यावर चढवलं.

तिनं वाचलं. तिचा आवाज माइकातून माझ्या वायरीत आला आणि ओठ मिटायच्या आत तिच्या कानात पोचला. पुढे ती लेकीला सांगायची, "अंधारात जिना उतरताना कठडा हाताला लागावा ना, तसं वाटलं." दोन ओळींची दोन पानं झाली. कानसेन काटा बघायचं विसरून गेले होते.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत आम्ही सोळा पुस्तकं वाचली. ती निवृत्त झाली तेव्हा कानसेनांनी माइक आणि मी, दोघांनाही तिच्या घरी पोचवलं. घरातली कपड्यांची छोटी खोली आमची झाली. दाराला जाड पडदा, भिंतीला रजया, मधे एक खुर्ची, टेबल आणि संगणक.

तिची लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. एकदा ती आली तेव्हा माझी वायर खुर्चीच्या चाकाखाली अडकली होती.

"आई, ही दोरी किती दिवस गळ्यात बांधून बसणार आहेस?"

पुढच्या खेपेला तिनं बिनवायरीचा हेडफोन आणला. देखणा, हलका. मी ड्रॉवरमध्ये गेलो.

त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो कानावर घालून ती भाजी चिरायची, फिरायला जायची, खिडक्या पुसता पुसता गाणी ऐकायची. माझ्यासोबत हे जमलं नसतं. गाण्याच्या गोडीतला आमचा फरक दहांतल्या नऊ जणांना कळणारही नाही. त्याला तेवढं रोज चार्जिंग लागतं, मला लागत नाही.

वाचायला बसली तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी ती लेकीला फोनवर म्हणाली, "थोडं घुमल्यासारखं वाटतंय गं."

"नवीन आहे ना, होईल सवय."

सवय झाली नाही. तिसऱ्या दिवशी ती 'समुद्र' या शब्दावर अडली. स, स, समुद्र. ती पाणी प्यायली, पुन्हा वाचू लागली, पुन्हा अडली. एका दर्यावर्दीच्या सफरींचं ते पुस्तक, त्यात समुद्र पानोपानी. आठवड्याभरात तिला एक परिच्छेदही सलग वाचता येईना.

ड्रॉवरमध्ये मला सगळं ऐकू येत होतं, आणि कारणही ऐकू येत होतं. आधी खोलीत तिचा खरा आवाज उमटायचा. मग पापणी लवेल एवढ्या उशिरानं त्या नव्या हेडफोनच्या गादीतून तोच आवाज झिरपायचा. तिचं प्रत्येक अक्षर तिच्याच मागून येऊन तिला धक्का देत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण वायरीच्या टोकाला काही जोडलेलं नसलं की मी मुका.

तिनं कुणाला सांगितलं नाही. जेवताना, शेजारणीशी बोलताना ती अगदी नीट बोलायची. अडायची ती फक्त माइकसमोर. शाळेतही असंच व्हायचं. तिला वाटलं, तेच परत आलं.

एक म्हातारे घड्याळजी तिची पुस्तकं ऐकायचे, मुद्रण होईल तसं एकेक प्रकरण. दृष्टी गेल्यापासून त्यांचा दिवस तिच्या आवाजावर उजाडायचा. त्यांचा फोन आला.

"बाई, आमचं जहाज पंधरा दिवस बंदराबाहेर उभं आहे. आत कधी घेताय?"

"घसा बसलाय," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला. मग तिनं कानसेनांना लिहिलं की आता वाचन होणार नाही, राहिलेली चार प्रकरणं दुसऱ्या कुणाला द्यावीत. सोबत ती अडखळलेली मुद्रणंही पाठवली. खोटं कारण लिहिणं तिला जमलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कानसेन दारात हजर झाले. पुस्तक न्यायला आले असतील असं समजून तिनं ते कागदात बांधून ठेवलं होतं. त्यांनी ते सोडलं.

"हेडफोन बदललात का?"

"हो, लेकीनं दिला. का?"

"तो काढून एक पान वाचा बरं."

तिनं वाचलं, कुठेही न अडता. तरी तिला पटेना. "तुमच्यासमोर होतं एखादं पान नीट. एकटी बसले की नाही होत."

कानसेनांनी वाद घातला नाही. तो हेडफोन स्वतःच्या डोक्यावर घातला, माइकसमोर बसले आणि एकपासून अंक मोजायला लागले. सहापर्यंत ठीक गेलं. सातला जीभ जड झाली. नवाचा उच्चार लांबला आणि अकरावर हा तीस वर्षं ध्वनिमुद्रण केलेला माणूस अ, अ, अ करत थांबला.

ती आधी घाबरली. मग तिला हसू फुटलं.

"बघा," ते म्हणाले, "बिनवायरीत आवाज बांधून हवेतून पाठवायचा आणि कानापाशी पुन्हा सोडायचा. त्यात वेळ जातो. दुसऱ्याचं ऐकताना काही बिघडत नाही. स्वतःचाच आवाज मागून आला की मात्र कुणाचीही जीभ अडते. हा तुमचा दोष नाही."

"म्हणजे ते परत आलेलं नाही?"

"नाही, ताई."

तिनं पदराला डोळे पुसले आणि मग ड्रॉवर उघडला. माझ्या गाद्यांचे पापुद्रे निघाले होते, पिनेवर डाग होते. कानसेनांनी पिन घासून जागेवर बसवली. ती वाचायला लागली आणि समुद्र आला, गेला, पुन्हा आला.

संध्याकाळी लेकीला कळलं तेव्हा ती ओशाळली. "मीच आणून दिला की गं." मग म्हणाली, "मी दिवसभर लोकांना सांगते, वाचायचा चष्मा वेगळा, लांबचा वेगळा. आणि घरात एकच नंबर सगळ्याला लावत बसले." जाताना तिनं माझ्यासाठी नव्या गाद्या मागवल्या आणि वायर टेबलाच्या कडेनं पट्टीनं चिकटवून टाकली.

चार प्रकरणं आठ दिवसांत झाली. शेवटचं वाक्य संपल्यावर मला वाटलं, ती नेहमीसारखी मुद्रण बंद करील. आधीच्या एकाही पुस्तकात तिनं शेवटी वाचणारी म्हणून आपलं नाव घातलं नव्हतं. लहानपणी तिला सर्वांत अवघड जायचं ते स्वतःचंच नाव. त्या दिवशी ती थांबली, श्वास घेतला आणि आपलं पूर्ण नाव एका दमात सांगितलं. मी ते तिथल्या तिथे तिच्या कानात दिलं.

आता माझं वय झालंय. एका बाजूची बिजागरी सैल आहे, पण आवाज पास आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी ड्रॉवरमध्ये असेल. चालता-फिरता ऐकायचं असेल तर खुशाल बिनवायरीचा घ्या. पण बोलताना स्वतःला ऐकायचं असेल, तर त्या ड्रॉवरमधल्याला टाकून द्यायच्या आधी एकदा जोडून बघा.

उद्यापासून मधमाश्यांवरचं पुस्तक सुरू होतंय. पहिल्याच पानावर पाच शास्त्रीय नावं आहेत, एकेक हातभर लांब. ती कालपासून घोकतेय. मला त्यातलं काही कळत नाही, पण प्रत्येक अक्षर वेळेवर पोचेल, एवढं खात्रीनं सांगतो.