उंबऱ्याबाहेरची मीटिंग

आंबेगाव तालुक्यात कुणी तोंडभरून कौतुक केलं, की समजावं, काहीतरी बिनसलंय. वृषालीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचे वडील मूळचे मंचरचे, पण ती वाढली पुण्यात, आणि तिथले लोक तक्रार करायला नंबर शोधून फोन लावतात.

मंचरला दोन खोल्यांत तिचं आणि मोहसीनचं ऑफिस होतं. रानात ओल मोजणारी यंत्रं बसवायची आणि पाणी कधी द्यायचं याचा मेसेज शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवायचा, हा धंदा. यंत्रं मोहसीन बसवायचा. तो जुन्नरचा, वायरींशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारा. दर तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडं जाऊन रिव्ह्यू मीटिंग घ्यायची, हे खातं वृषालीचं. पारगावच्या गटानं मीटिंगमध्ये ‘एक नंबर काम’ म्हणून पाठ थोपटली आणि पंधरा दिवसांत यंत्रं उपटून, पोत्यात भरून परत पाठवली. दुसऱ्या एका गटानं तर शाल-नारळ देऊन सत्कार केला आणि मग फोन उचलणंच बंद केलं. आता उरला अवसरी बुद्रुकचा चाळीस शेतकऱ्यांचा गट. तो गेला की ऑफिसला कुलूप, वृषाली परत हिंजवडीच्या नोकरीत आणि मोहसीन मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात.

म्हणून या खेपेला तिनं कंबर कसली. मीटिंग कशी घ्यावी याचे व्हिडिओ पाहिले, रानारानाचे आलेख काढले, बावीस स्लाइड केल्या. शेवटच्या स्लाइडवर ठळक प्रश्न होता : ‘आमचं काय चुकतं?’ शिवाय एक नियम तिनं आधीपासून पाळला होता, तो पुन्हा घोकला. गिऱ्हाइकाचा वेळ खायचा नाही. मीटिंग संपली की तडक गाडीत बसायचं.

“ताई, हा प्रश्न काढा,” मोहसीन म्हणाला.

“का?”

“कोण उत्तर द्यायचं न्हाई.”

“चुकत नसेल तर नाही देणार.”

मोहसीननं खांदे उडवले आणि तो वायर गुंडाळत बसला.

मीटिंग गटाचे अध्यक्ष भिमाजीतात्या यांच्या ओसरीवर होती. साळुबाईंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, भिंतीवर पांढरी चादर लावून दिली. आठ-दहा कारभारी मांडी घालून बसले. पोहे झाले, चहा झाला, आलेख झाले, पुन्हा चहा झाला. बाविसावी स्लाइड आली आणि ओसरीवर अशी शांतता पसरली की चुलीवरचं दूध उतू गेलेलं ऐकू आलं.

“चुकतंय? छ्या!” तात्या म्हणाले. “लई भारी चाललंय, मॅडम.”

“यंत्र म्हंजे यंत्रच हाये राव,” गटातला रखमाजी म्हणाला. त्यानं नेमकं काय म्हटलं हे कुणालाच कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

“मग पुढच्या वर्षीचा करार?”

“बघू की.”

हे ‘बघू की’ वृषालीनं याआधी दोनदा ऐकलं होतं. तिनं हसून हात जोडले, “येते मी” म्हणाली आणि नियमाप्रमाणे तडक गाडीत जाऊन बसली; मोहसीन वायरी आवरत मागं राहिला. काच वर केली आणि मग मात्र तिला रडू आलं.

डोळे पुसताना तिचं लक्ष आरशात गेलं. ओसरीवरचे सगळे फाटकापर्यंत आले होते आणि तात्या हातवारे करकरून मोहसीनला काहीतरी सांगत होते. तिनं काच खाली केली.

“...बाकी काय न्हाई, पन यंत्र म्हनतंय आज पानी द्या. आन् लाइट कुठंय? या आठवड्याला आमच्याकडं रातची लाइट. रातच्याला उसातनं बिबट्या हिंडतोय. त्याच्या मोबाइलवर बी पाठवा म्हनावं मेसेज!”

वृषाली गाडीतून उडीच मारून उतरली. “तात्या, अहो, हे आत का नाही सांगितलंत?”

तात्या ओशाळले. “पावण्याला घरात बसवून नावं ठिवायची व्हय? आमच्यात न्हाई तसं.”

“पारगावला बी गाडीपाशीच बोलत व्हते,” मोहसीन हळूच म्हणाला. “मला वाटलं, गप्पा हायेत.”

दोन गिऱ्हाइकं या गप्पांत गेली होती. मोहसीनला कच्चा खावा असं तिला वाटलं, पण काच वर करून बसणारी तीच होती. तिनं घाईनं डायरी काढली आणि लगेच सगळे गप्प झाले. रखमाजी आभाळाकडं पाहून म्हणाला, “निघा मॅडम, ऊन व्हतंय.”

आता मात्र तिची ट्यूब पेटली. तिनं डायरी पर्समध्ये घातली, एक पाय गाडीत ठेवला आणि म्हणाली, “हो, निघालेच.” मोहसीननं गाडी चालू केली. पुन्हा बोलण्याला धार लागली. डिझेल वाचवावं म्हणून त्यानं मध्येच गाडी बंद केली, तर बोलणंही बंद. परत किल्ली फिरवली, तर परत सुरू. सव्वा तास वृषाली एका पायावर निघत होती. शेवटी साळुबाई मेथीच्या जुड्या घेऊन आल्या.

“मेसेज खिशात घालून हे जात्यात मंचरला. आन् रानात कॉक फिरवायचा मी. मला कोन सांगायचं?”

आलेखांत साळुबाई कुठंच नव्हत्या.

“म्हैनाभर बघतो, मंग करारचं सांगतो,” तात्या म्हणाले.

त्या महिन्यात दोघांनी जिवाचं रान केलं. प्रत्येक भागाचं लाइटीचं वेळापत्रक मेसेजला जोडलं. जी बाई पाणी धरते तिचा नंबर घरोघर जाऊन घेतला. महिना भरला तशी वृषाली मोहसीनला घेऊन पुन्हा अवसरीला गेली. या वेळी लॅपटॉप नव्हता. चहा घ्यायचा, लगेच ‘येते’ म्हणायचं आणि फाटकापाशी तासभर निघायचं, एवढीच तयारी.

पण ती ओसरीवर टेकते न टेकते तोच तात्या कडाडले. “मंगळवारचा मेसेज काय झोपंत पाठवला का गं? दिवसाची लाइट असून रातचा टाइम टाकलाय! टोमॅटो सुकली माझी!”

ना पाणी विचारलं, ना कौतुक केलं. भर घरात, तोंडावर. संपलं सगळं. वृषालीनं मोहसीनकडं पाहिलं, तर तो गालातल्या गालात हसत होता.

“दुरुस्त करते,” ती कशीबशी म्हणाली. “आणि तात्या... करार?”

“आता घरच्या मान्साला बी दर साली इचारायचं व्हय?” तात्या आणखीच भडकले. “ते ऱ्हाऊ दे. मंगळवारचं बोल आधी.”

वृषालीचे डोळे भरून आले. इतकी गोड बोलणी तिनं जन्मात खाल्ली नव्हती. तेवढ्यात आतून साळुबाईंचा आवाज आला.

“वृषाले, माजं हात पिठाचं हायेत. च्या तूच ठिव. साखर वरच्या फळीला हाय.”