उंदीर बरे झाले तेव्हा

ताईला लहानपणीच मधुमेह झाला, तोही जन्मभर इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारा. तेव्हा तिचा धाकटा भाऊ, घरचा छोट्या, एवढासा होता. निम्म्या सुया मला टोच, म्हणजे ताईला कमी दुखेल, असा हट्ट त्याने आईकडे धरला होता. घरातले सगळे हसले. ताईला काही हसू आलं नाही.

पुढे ताईने पडदे शिवायचं दुकान टाकलं आणि छोट्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागला. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी वाढवायच्या आणि मधुमेही उंदरांच्या अंगात सोडायच्या, असं तिथलं काम. तो तासन्‌तास सांगायचा आणि ताई मशीन न थांबवता ऐकायची. आता पाचच वर्षं, मग हा आजार कायमचा बरा, असं ती शाळेत होती तेव्हापासून डॉक्टर तिला सांगत आले होते. दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून प्यायची.

एकदा छोट्याचा फोन आला. उंदरांची साखर कित्येक आठवडे इन्सुलिनशिवाय ताळ्यावर होती.

"उंदरांना माझा नमस्कार सांग," ताई म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने पडद्याला अस्तर उलटं जोडलं आणि दुपारभर ते उसवत बसली.

महिन्याभराने छोट्या स्वतःच दुकानात आला. कापडाच्या गठ्ठ्यावर बसला, चहाला नको म्हणाला. उंदरांच्या शरीराने त्या पेशी परक्या समजून मारून टाकल्या होत्या. साखर पुन्हा वर गेली होती. आता हे काम सोडतो, दवाखान्यात रक्त तपासायची साधी नोकरी धरतो, असं तो खाली मान घालून सांगत राहिला.

ताईने मशीन थांबवलं.

"माझ्यासाठी करत असशील तर आजच सोड," ती म्हणाली. "मी कमावते, खाते, तुझ्याशी भांडते. माझं बरं चाललंय. पण परवा दवाखान्यात एक पोरगी बघितली. सुई दिसली तशी आईने हात धरायच्या आत टेबलाखाली जाऊन बसली. तिला काय सांगू, आमचा छोट्या दमला म्हणून?"

"म्हणजे तुला वाटतं, जमेल?"

"मला नाही वाटत. पण मला वाटायची वाट बघत तू कशाला बसतोस?"

 छोट्याने चहा मागितला. सोमवारी तो कामावर गेला.

शरीराने मारू नयेत म्हणून पुढच्या वर्षी त्या पेशींना पातळ वेष्टण घालून पाहायचं ठरलं. त्यात पेशी टिकतात का ते तपासायला मधुमेही माणसांचं रक्त हवं होतं. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ताई प्रयोगशाळेत गेली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने नर्सला बजावलं, की आपला या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही.

"मग आलात कशाला?" नर्सने हसत विचारलं.

ताईने बाही वर सरकवली.

"आत माझा भाऊ आहे," ती म्हणाली.