ठोकळ्यातलं चाक

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कलाकार आहे. हे तो स्वतःच सांगतो, दुसरं कुणी सांगत नाही. घड्याळांचे सुटे भाग पारदर्शक रेझिनमध्ये अधांतरी लटकवायचे, ही त्याची कला. साच्यात अर्धं रेझिन ओतायचं, ते जरा घट्ट झालं की चिमट्याने चाक ठेवायचं, वरून उरलेलं ओतायचं. झाला ठोकळा तयार! बघणारे म्हणतात, "अय्या, तरंगतंय!" तरंगतंय कसलं डोंबल, अडकलंय बिचारं.

मी घड्याळजी. भंगाराचा डबा त्याला दाखवून ठेवला होता, यातलं काय हवं ते ने म्हणून. पण साहेबांना गंजकी चाकं कशी चालतील? त्यांनी टेबलावरच्या ताटलीतलं धुऊनपुसून ठेवलेलं चाक उचललं आणि ठोकळ्यात गाडलं. नेमकं नर्सबाईंच्या घड्याळाचं, ज्याच्या हेलकाव्यांवर अख्खं घड्याळ चालतं ते.

बाईंनी तीस वर्षं त्या घड्याळावर पेशंटची नाडी मोजली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तेच मनगटावर हवं, म्हणून माझ्याकडे दिलेलं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, दुसरं चाक मिळणं शक्य नाही. आता अब्रू जाणार ती माझी! बारीक काम मी कधी घाईत करत नाही, आणि या दिवट्याने एका फटक्यात वाट लावली.

"काप तो ठोकळा!" मी ओरडलो.

"कापला तर चाकाला जोडलेली स्प्रिंग वाकेल, भाऊजी. आणि बघा ना, आतून कसं चमकतंय!"

"बघतोय ना, काय दिवे लावलेस ते!"

तेवढ्यात नर्सबाई दारात. मी मेहुण्याचा सगळा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला. तो मान खाली घालून उभा. बाईंनी ठोकळा उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"किती दिवस लागले रे याला?"

"तीन," तो पुटपुटला.

बाई माझ्याकडे वळल्या. "घड्याळ मी मागच्या वर्षी दिलं. दर वेळी तुमचं एकच, पुढच्या आठवड्यात या. मला निवृत्त होऊन दोन महिने झाले, घड्याळजी."

माझे कान तापले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ठोकळा मेहुण्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "उरलेलं घड्याळही तूच घे बाबा. तुझ्याकडे निदान पुरं तरी होईल."

मी ड्रॉवर उघडला आणि डायल, काटे, पट्टा एकेक करून त्याच्या ओंजळीत ठेवले.